शिदोरे साहेब

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत एकोणतीस वर्षं काढली मी,
ठाणे महापालिका, तळमजला, पंख्याखालची तिसरी खुर्ची.
माणूस किती ओळींत मावतो ते मला विचारा.
नाव. बापाचं नाव. ठिकाण. कारण.
मावतो.

पण काल बाबांची पत्र्याची पेटी उघडली
आणि स्वीडनचा एक जनरल
कुठल्याच रकान्यात बसेना.

आर्विद सेडरमार्क.
बाबांच्या जिभेला ते कधी पेललं नाही,
ते म्हणत, शिदोरे साहेब.
लग्नानंतर वर्षभर आई समजत होती
हे कुणी साताऱ्याकडचे असणार.

जन्म : पार उत्तरेला, जिथे डिसेंबरात
सूर्य कचेरीत डोकावतो आणि सही न करताच निघून जातो.
बाप रेल्वेत सांधेवाला.
हा घोडदळात गेला. मग घोडे गेले,
मग महायुद्ध आलं, पण शेजाऱ्यांच्या घरात.
पाच हिवाळे हा सीमेवर उभा.
पलीकडे गावं जळताना दिसत,
अलीकडे हुकूम एकच : बघा, आणि वेळ लिहा.
त्यानं वेळ लिहिली.
याबद्दल तो पुढे कधी बोलला नाही,
फक्त चुलीचा धूर आला की खिडकी लावून घ्यायचा.

नंतर निळी टोपी, वाळवंट,
दोन सैन्यांमधली फर्लांगभर पट्टी, कुणाचीच नसलेली,
आणि जीपच्या चाकावर चेंदणी कोळीवाड्याचा हिराजी नाखवा.
एका पहाटे उंटवाल्याची बकरी सुरुंगांत शिरली,
तिच्यामागे पोर.
दोन्हीकडून बंदुका वर झाल्या.
साहेबानं टोपी काढून बॉनेटवर ठेवली,
जुन्या चाकोरीत पावलापुढे पाऊल टाकत गेला,
पोराला खांद्यावर घेतलं, तसाच मागे आला.
बकरी आपली आपण आली.
वहीत एवढंच : सहा चाळीस. गोळीबार नाही.

बेचाळीस वर्षं फौजेत, छातीवर अकरा बिल्ले,
आणि माणसावर एकही गोळी नाही.
"तो कदी लरलाच नाय," बाबा सांगत.
त्यात कौतुक होतं की कीव,
मी विचारलं नाही.

एकदा आमच्याकडेही आला होता म्हणे, बोट मुंबईला लागली तेव्हा.
सुका बोंबील त्यानं शेपटीसकट खाल्ला.
बाबांनी होडीत बसवून खाडीत नेलं,
चार हजार सैन्याचा धनी
गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखा.
ओहोटी होती. उघड्या चिखलाकडे बघून त्यानं विचारलं,
ही जमीन की पाणी?
बाबा म्हणाले, वेळेवर हाय, साहेब.
तो इतका हसला की होडी कलली.

सत्त्याहत्तरला डोलीच्या खुंटांवरून दोन आळ्या उठल्या,
कोयते निघाले.
बाबा गुडघाभर चिखलात मधोमध जाऊन उभे राहिले,
घड्याळ बघत.
कुणी शिवी घातली. बाबा म्हणाले, पाच धा.
कुणी चिखल फेकला, तो पुसून म्हणाले, पाच बारा.
लोकांना वाटलं, हिराजी फिरला.
मग भरती आली, होड्या सांभाळायला सगळेच धावले.
आई त्या रात्री त्यांच्याशी बोलली नाही.

पेटीत शेवटी त्याच्या मुलीचं पत्र :
बाबा गेले, मधमाश्यांच्या पेट्यांपाशी, बाकावर बसल्या बसल्या.
सोबत लोकरीच्या पायमोज्यांचा जोड.
ठाण्यात, मे महिन्यात!
बाबांनी एक रात्र घातले, सकाळी पाय उकडून लाल,
पण काढले नाहीत उजाडेपर्यंत.

आता खुंटही नाहीत, आळ्यांना भांडायला मासळी नाही.
मी घरी एक कोरा फॉर्म आणला होता, निवृत्तीच्या दिवशी, उगाच.
व्यवसाय : सैनिक, इथवर लिहिलं.
पुढे न झालेल्या लढायांना जागाच नाही.

आई पलंगावरून मोजे हुंगते, डांबराच्या गोळ्यांचा वास,
आणि विचारते,
शिदोरे गेले?
साताऱ्याला कुणी कळवलं का गं?